ऑस्टियाची सहल

"मला काय दाखवता?" धम्मदीप सरांनी फोन हातानेच बाजूला सारला. "पोरीचा दिवस उगाच वाया."

पोर, म्हणजे आम्रपाली, तिकडे रोमजवळ ऑस्टिया या प्राचीन शहराच्या अवशेषांत व्हिडिओ कॉल लावून, फोन उंच धरून उभी होती. कामासाठी इटलीला गेलेली ती सुटीच्या दिवशी मुद्दाम बाबांसाठी तिथे पोचली होती. शाळेत इतिहास शिकवताना फळ्यावर रोमचा नकाशा काढण्यात सरांची उमेदीची वर्षं गेली. आता दृष्टी गेल्यापासून बिबवेवाडीच्या घरात खिडकी कुठे आहे, हेसुद्धा ते उन्हाच्या उबेवरून ओळखत.

"तुम्ही नका बघू. मी बघते," त्यांची बायको नंदा फोन घेऊन त्यांना खेटून सोफ्यावर बसली. "हं, चल गं."

पडक्या भिंतींचं नंदाला कधीच कौतुक नव्हतं, हे सरांना ठाऊक होतं.

"रस्ता आहे. दगडी. आपल्यापेक्षा खड्डे कमी. दोन्हीकडे घरं, छपरं नाहीत. महापालिकेची नोटीस आली असणार."

सरांनी तोंड खिडकीच्या उबेकडे फिरवलं.

"अगं थांब, मागे घे! अहो, जातं! केवढं थोरलं! माझ्या कमरेइतकं असेल."

"बेकरी असेल ती," सरांच्या तोंडून निघून गेलं. "गाढवं जुंपायचे त्याला."

"बाबा, पाटीवर तसंच लिहिलंय!" आम्रपाली तिकडून ओरडली.

सर ताठ बसले. मग त्यांनीच दोघींना चालवायला सुरुवात केली. भिंतीच्या विटा कशा आहेत? जमिनीवर चित्रं असतील, बघ. मासे आहेत का त्यात? नंदा सांगत होती, ते मान डोलावत होते.

"आता आपण थिएटरकडे व..." आम्रपालीचा आवाज मधेच तुटला. टुंग झालं. मग काहीच नाही.

सर थांबले. खाली रस्त्यावर एक रिक्षा हॉर्न देत गेली. आता नंदा म्हणेल, गेला फोन, चहा टाकते. एवढ्यात संपली सहल, असं मनाशी म्हणत त्यांनी पाठ पुन्हा सोफ्याला टेकवली.

नंदाने फोन टीपॉयवर ठेवल्याचं त्यांना ऐकू आलं. तिने घसा साफ केला.

"हं. आलं थिएटर," ती म्हणाली. "अर्धगोल पायऱ्या आहेत, पार वरपर्यंत. मधेमधे गवत उगवलंय. गर्दी अशी नाही. वरच्या पायरीवर दोघंच बसलीत, म्हातारा-म्हातारी."

सरांनी सोफ्याला टेकवलेली पाठ पुन्हा उचलली.

"काय करतायत?"

"भांडतायत."

सर मोठ्याने हसले. चाचपत चाचपत त्यांनी तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"चल, आपणही वर जाऊन बसू," ते म्हणाले. "पायऱ्या उंच आहेत, तुझे गुडघे दुखतील. मला धर."