टायरवरून फिरलेला हात

या, जवळ सरकून बसा. टाळ क्षणभर मांडीवर ठेवा. एवढीशीच गोष्ट सांगतो, गोदूची.

तिचा नवरा केसरीनाथ, प्रवासाला निघायच्या आधी, लेकाच्या गाडीच्या चाकांना कुंकू लावत होता. लेक प्रितम आईला अकलोलीला घेऊन निघाला होता. गोदूचे गुडघे धरले होते. कुंडाच्या गरम पाण्यात बसले की मोकळे होतील, म्हणून ती उजाडल्यापासून पिशवी भरून तयार.

धामणकर नाक्यावर केसरीनाथचं तीस वर्षांचं दुकान. चाकांना दोरा ताणून ती सरळ रेषेत बसवायचा, म्हणजे अलाइनमेंट करायचा. दोन महिन्यांपूर्वी ही गाडी खड्ड्यात आपटली, तेव्हाही तो दोरा घेऊन पुढे झाला होता. प्रितम चार गिऱ्हाइकांसमोर हसला. "आप्पा, दोरा गुंडाळा आता! हिला कॅमेरा हाय. रस्त्यावरचा पांढरा पट्टा बघून स्टिअरिंग आपोआप सांभाळते." त्या दिवसापासून बापलेकांत कामापुरतंच बोलणं.

कुंकू लावता लावता केसरीनाथचा तळवा डाव्या टायरवरून फिरला. जाताना गुळगुळीत. येताना करवत. चाक वाकडं बसलं होतं. गाडी डावीकडे ओढत असणार, आणि कॅमेरा ते गुपचूप सावरून घेत असणार. पट्टा असेल तोवर.

"अवो, गाडी बरी हाय ना?" गोदूने विचारलं.

त्याने हात लुंगीला पुसला. "मला काय विचारतेस? तुझ्या लेकाच्या गाडीलाच विचार."

गोदू हसली. हा रुसवा तिच्या ओळखीचा होता. "कुंडाचं पाणी आणते बाटलीभर. राग धुवा त्याच्यात." आणि ती पुढे, लेकाच्या शेजारी जाऊन बसली.

वाटेतल्या अंबाडी गावापर्यंत पट्टा होता. अंबाडी सोडली आणि रस्ता नुसता काळा. गाडीने बारीक शिटी दिली, स्टिअरिंग सोडून दिलं. प्रितमचे हात सैल होते. डावीकडे ओढ्यावरच्या मोरीचा कठडा होता. गोदूही डावीकडेच बसली होती.

दहाव्याला, घाटावर, मुंडण केलेला प्रितम बापाच्या पायांवर कोसळला. "आप्पा, माझी मस्ती नडली. तुमचा हात एकदा जरी त्या टायरवरून फिरला असता ना, तर आई आज असती."

त्याच्या पाठीवर ठेवायला उचललेला हात केसरीनाथने तसाच मागे घेतला.

आज देवापुढे हात जोडाल तेव्हा गोदूची आठवण करा. तिने विचारलं होतं.