पॅरादीचा पहिला घोट

"बॅग गाडीत ठेवलीस?" आजीने विचारलं.

"ठेवली. पण पॅरादी आल्याशिवाय गाडी हलायची नाही हं!" सोलीनने बजावलं.

अंगणात प्रेस घरघरत होता. टाकीत घडांसकट मुरलेली गामे जातीची द्राक्षं दाबली की खालून आधी जो गोड, लालचुटूक रस गळतो, तो पॅरादी. बोजोलेच्या गावांत त्या दिवशी पाहुणासुद्धा पाण्याला शिवत नाही.

आजीचा शब्द होता. पॅरादी पिऊन आजोबांनी तिला एकदा तरी ओळखलं, तर वृद्धाश्रम रद्द. नाहीतर जेवणं उरकली की रेजिस, सोलीनचा बाप, त्यांना व्हिलफ्रांशला सोडून येणार. वर्षभर आजोबा तिला अगदी अदबीने विचारत होते, "बाई, आपण कुठल्या?"

सोलीन पॅरादीने भरलेला जग घेऊन धावत आली. "आजोबा, जपून प्या! नाहीतर मागच्यासारखे टेबलावर चढून नाचाल!"

"सोलीन!" बाहेरून रेजिस ओरडला. "तोंड पुरे, फावडं धर!"

ती पळाली.

आजोबांनी घोट जिभेवर घोळवला. "स्ट्रॉबेरी," ते म्हणाले. "उन्हाळा चांगला झालाय यंदा."

"झालाय खरा."

"तेव्हाही असाच होता. मी घड तोडायचे सोडून तुझ्याकडेच बघत बसलो नि कात्रीने बोट कापून घेतलं. तर तू काय म्हणालीस? 'बरं झालं, वाइनला रंग तरी चढेल!'"

आजी पेला भरत राहिली.

"फर्नांद," आजोबांचा आवाज एकदम विशीतल्या पोराचा झाला, "लग्न करशील माझ्याशी?"

थोडा रस टेबलावर सांडला.

"नाही म्हणू नकोस गं. काय वाईट आहे माझ्यात?"

जग खाली ठेवून आजीने त्यांच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं रोज पाहिलेला चेहरा, पण असा उजळलेला!

"काही वाईट नाही," ती म्हणाली. "करीन."

आजोबांनी तिची जांभळी बोटं ओठांना लावली.

सोलीन दारात धापा टाकत उभी. "काय झालं? ओळखलं?"

"नावाने हाक मारली. मागणीसुद्धा घातली." आजीने एप्रनला हात पुसले. "जा, बॅग उतरव."

सोलीनने टुणकन उडी मारली आणि अंगणाकडे तोंड करून अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "पप्पा! आजोबांना आठवलं! आजीला चक्क तिच्या नावाने, 'ओर्तांस' म्हणून हाक मारली त्यांनी!"