नुसतं नाव

“आजी, इथं तुमचं पूर्ण नाव बोला. बोललं की आपोआप लिहिलं जातंय,” सायली म्हणाली आणि तिनं माईक छबुबाईंच्या पुढ्यात सरकवला.

सायली सातवीत होती. शनिवारी शाळा सुटली की लिंबागणेशच्या शाळेतली पोरं कॉम्प्युटरच्या खोलीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांची शाळा भरवत, आणि शिकवताना गुरुजींपेक्षा कडक होत. आज ईमेलचं खातं उघडायचं होतं. छबुबाईंना पुण्यातल्या लेकीला आपल्या हातानं फोटो धाडायचे होते.

छबुबाईंनी स्वतःचं नाव ठणठणीत घेतलं. पुढं मात्र गाडी अडली. पुढं नवऱ्याचं नाव होतं, आणि नवरा शेजारच्याच खुर्चीत बसला होता.

“बोला की, आजी.”

छबुबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि एका दमात म्हणून टाकलं, “लिंबागणेशच्या गणपतीला दुर्वांची जुडी, सुंदररावांचं नाव घेते मंगल घडी!”

यंत्र बिचारं आज्ञाधारक. त्यानं दुर्वांच्या जुडीसकट अख्खा उखाणा नावाच्या चौकोनात बसवला. पोरं पोट धरून हसली.

“आजी, नुसतं नाव!”

“नुसतं नाव कसं घ्यावं, माय? बरं दिसतंय का ते?”

शेवटी सायलीनं उखाणा पुसला आणि मधलं नाव स्वतःच टाइप केलं. छबुबाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. आधी आपण, मग सुंदरराव, मग आडनाव. बाई खूश झाल्या.

मग सुंदररावांची पाळी आली. हा माणूस अख्ख्या गावाला नावानं हाका मारायचा. बायकोला मात्र उभ्या जन्मात ‘अगं’ आणि ‘ऐकलं का’च्या पुढं हाक नव्हती. त्यांनी रुबाबात आपलं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं.

छबुबाईंनी तो चौकोनही वाचला. “पोरी, ह्यांच्यात माझं नाव कुठंच लागत न्हाई का?”

“न्हाई, आजी. आजोबांचं झालं एवढ्यात.”

“आसं? म्हंजी मी ह्यांच्याबिगर पुरी हुत न्हाई, आन् हे माझ्याबिगर पुरे?”

त्या हसत बोलल्या, पण त्यांना ते लागलं होतं.

“काय बी काढती,” सुंदरराव पुटपुटले आणि पडद्याकडं बघत राहिले.

“आता पासवर्ड,” सायलीनं घाईनं वर्ग पुढं नेला. “ही तुमच्या कुलपाची किल्ली, आजोबा. जलमात इसरणार न्हाई असं काहीतरी मनात धरा आन् लिव्हा. कुणाला सांगायचं न्हाई. इथं पण नुसते ठिपके दिसत्यात, कुणाला वाचता येत न्हाई.”

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. बराच वेळ विचार केला. मग बायकोकडं जराशी पाठ करून ते कीबोर्डवर वाकले. एक बोट अक्षरांवर घिरट्या घालू लागलं, पण त्याला हवं ते काही सापडेना.

“सायले,” त्यांनी विचारलं, “ह्याच्यात छ कुठं हाय?”

ग्रामसभेत भोंगा न लागणारा आवाज तो. अख्ख्या खोलीनं ऐकलं. सायलीनं ओठ दाबून दोन कळा दाखवल्या. दोन ठिपके उमटले.

“आन् बु?”

छबुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडं बघू लागल्या. त्यांचे खांदे हसून हलत होते. डोळ्यांत पाणी होतं.

“आजोबा, मोठ्यानं न्हाई बोलायचं!” सायली कळवळून म्हणाली. “समद्यांना कळलं की!”

“कळू दे,” सुंदरराव बोट उगारूनच म्हणाले. “तू बु दाव आदी.”