शेवटच्या तळ्याचं पाणी

आमच्या गावचं सांडपाणी सात तळ्यांतून निवळत जातं आणि शेवटी जैतुनाच्या बागांना मिळतं. शेवटच्या तळ्याचं पाणी मी रोज सकाळी काचेच्या गोल चंबूत भरतो आणि हातभर लांब धरतो. पाणी स्वच्छ असलं की त्यातून मशिदीचा मिनार उलटा दिसतो, झाडंही उलटी. बावीस वर्षांत मला दुसरं यंत्र लागलं नाही.

आज निवृत्तीचा दिवस. बदाम घातलेला चहा झाला, मन अगदी भरून आलं होतं. माझ्या जागी आलेल्या नझीहाच्या हाती मी चंबू दिला.

"मुन्सिफसाहेब, तिकडं बांधावर उभे राहा," ती हसत म्हणाली. "जाता जाता तुम्हालाही एकदा उलटं टांगते."

मी जाऊन उभा राहिलो. तिनं चंबू समोर धरला.

"मिनार उलटा. झाडं उलटी." ती थांबली. "तुम्ही मात्र सरळ दिसताय."

"बावीस वर्षं सरळच वागलोय, पोरी."

ती हसली नाही. चंबूवरची नजर न काढता हळूच म्हणाली, "तिथंच थांबा. पुढं येऊ नका."

मी जागचा हललोच नव्हतो.