कीर्तिपूरचा माग

पशुपतिनाथाचं दर्शन आटोपलं नि भंडाऱ्याची मंडळी काठमांडूच्या बाजारात नायलॉनच्या साड्यांवर तुटून पडली. विणकर टेकचंद मात्र बायकोला, पुष्पाबाईला, घेऊन टेकडीवरच्या जुनाट कीर्तिपुरात गेला. तिथं घरोघरी माग चालतात म्हणे. चालत होतेच, पण मागावर बसल्या होत्या बाया! एका म्हातारीनं उठून पुष्पाबाईला आपल्या जागेवर बोलावलं. जन्मभर नवऱ्यासाठी सुताच्या कांड्याच भरत आलेली पुष्पाबाई हरखून त्याच्याकडे पाहू लागली. “तुले काय येते? सरक,” म्हणत टेकचंदच बसला. ती खाली बसून कांडी भरू लागली. काही वर्षांनी भंडाऱ्यात त्याच्या हातांना कंप सुटला. मागावरून उठताना त्याला कीर्तिपूरची म्हातारी आठवली. “आता तू बस वो.” पुष्पाबाईनं धाग्यांवरून बोटं फिरवली. “तवा बसली असती जी. आता धागाच दिसत नाही.” सवयीनं, चाचपत तिनं कांडी भरायला घेतली.