नुसते ओठ

"तू नुसते ओठ हलव," असं तिसरीत गाण्याच्या बाई म्हणाल्या होत्या. भजनी मंडळातही अकरा वर्षं मी तेच केलं. शेजारी दमयंतीताई असायच्या, त्यांच्या आवाजात माझं खपून जातंय असं मला वाटायचं.

परवा बाकीच्या लग्नाला गेल्या. तालमीला आम्ही दोघीच. पेटीवाल्या काकूंनी सूर धरला. मी ओठ हलवले. ताईंनीही हलवले. हॉलमध्ये नुसती पेटी वाजत राहिली.

"म्हणजे तुम्हीपण?" ताई ओरडल्या. "मी तर तुमच्या भरवशावर होते!"

हसता हसता आम्ही सतरंजीवर लोळलो. मग पदर खोचून, जसा येईल तसा, पण पोटातून आवाज लावला.

वॉचमन जिना चढून आला, म्हणाला, "सगळ्या परत आल्या का लग्नाहून?"