आईच्या जागेचा पट्टा

आई गाडीत मागं बसली, की सीटबेल्ट पाठीमागून नेऊन अडकवायची. "गाडी बी वरडत न्हाय आन् पदर बी चुरगळत न्हाय," म्हणायची. तिच्या रेशमी साड्या माझ्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतः मागावर विणलेल्या. निपाणीजवळ आम्ही उसाच्या ट्रॉलीवर आदळलो, तेव्हाही पट्टा पाठीमागंच होता. आई तिथंच गेली.

संकेश्वरच्या गॅरेजमधून दुरुस्त गाडी आणायला आप्पा आणि मी गेलो. मिस्त्री आप्पांना म्हणाला, "अण्णा, मागचा पट्टा दोनदा बदलला, तरी बाहेरच ऱ्हातोय. आत जाईत न्हाय."

लोंबणारा पट्टा मी रिकाम्या सीटला टेकवून अडकवला, आई अडकवायची तसाच.

बेळगावच्या वाटेवर मागं खट्ट झालं. आधी सुटल्याचा आवाज, मग लागल्याचा. मी आरशात बघितलं. पट्टा सीटपासून वीतभर पुढं, खांद्यावरून पोटावर यावा तसा, हवेत गोलसर ताणलेला होता.

मी गाडी कडेला घेतली. आप्पा मागं वळले.

"आता लावलास व्हय गं?" ते रिकाम्या सीटकडं बघून म्हणाले.

मग त्यांनी हात लांब केला आणि पट्ट्याखाली अडकलेलं काहीतरी अलगद सोडवलं. रेशमाची सळसळ मला ऐकू आली.